तिसरी हाक

“घरी आलो गं, शैला.”

थोरवतसाहेबांचाच आवाज होता तो. मागच्या सीटवरून नाही, बाहेरूनही नाही. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमधून आला. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, जीपच्या काचांपलीकडे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि थोरवतसाहेब आदल्या दिवशी सकाळपासून बेपत्ता होते.

शेजारी बसलेल्या येडगेमामांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“कोन बोललं?”

“लॅपटॉप.”

“आवाज सायबाचा हाय.”

“त्यांचाच लॅपटॉप आहे मामा. त्यांनीच आवाज भरून ठेवलाय. ठिकाण बदललं की बोलतं ते.”

“मग ठिकान कुटं बदललंय? आपुन तर तासभर हितंच बसलोय.”

मी स्क्रीनकडे वाकलो.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, पुण्याहून नुकताच आलेला, आणि पाटणच्या वर उंबरजाईच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर होतो. एकेचाळीस मशिनं, एक कंट्रोल रूम, एक सबस्टेशन, एक गेस्ट हाउस. जुलै महिन्यात त्या पठारावर धुकं येत नाही, राहायलाच येतं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. डोक्यावर तीनमजली घराएवढं पातं फिरत असतं, तेही दिसत नाही. नुसतं एकामागून एक काहीतरी मोठं वरून सरकत गेल्याचा आवाज येत राहतो. नव्या माणसाची त्या आवाजाने पहिले आठ दिवस झोप उडते. माझी महिनाभर उडाली होती, कारण मी पुण्याचा, असं थोरवतसाहेब म्हणत.

दिगंबर थोरवत आमचे सीनियर. पाटणचेच, चाळिशीचे, कामाला वाघ आणि बोलायला मिश्कील. आमच्या कामात एक कटकट होती. प्रत्येक ठिकाणचं नेटवर्क निराळं. कंट्रोल रूममध्ये एक सेटिंग, सबस्टेशनला दुसरं, आणि प्रत्येक मशीनच्या पायथ्याशी बसवलेल्या वायरलेस डब्याला आणखी तिसरं. प्रत्येक ठिकाणी जाऊन आकडे हाताने घालायचे. एक आकडा चुकला की अर्धा तास गेला. त्या आकड्यांचा कागद आम्ही लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून फिरत असू. साहेबांना त्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. जवळपास कुठलं नेटवर्क दिसतंय ते बघून तो आपण कुठे आहोत ते ओळखायचा आणि सगळी सेटिंग्ज आपणहून बदलायचा. वर ठिकाणागणिक साहेबांच्या आवाजात एक वाक्य. कंट्रोल रूममध्ये शिरलं की “चहा सांगा कुणीतरी.” सदतीस नंबरच्या मशीनला “वारा फार, टोपी सांभाळा.” आणि घराला सगळ्यांच्या वरचा मान दिलेला. दुसरं काहीही चालू असो, घर दिसलं की सगळं सोडून घराच्या सेटिंगवर जायचं, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं.

“माणसाचंही असंच असायला पाहिजे,” ते म्हणायचे. “पण मॅनेजरला कोण सांगणार?”

मंगळवारी सकाळी ते केबल बघून येतो म्हणून कंट्रोल रूममधून चालत बाहेर पडले. कुठल्या बाजूला ते सांगितलं नाही. लॅपटॉप टेबलावर, जेवणाचा डबा टेबलावर. दुपारी डबा तसाच होता. पठारावर फोनला रेंज नाही, त्यामुळे पोलिसांनाही फोनवरून काही कळेना. बुधवारी सकाळी मॅनेजरने अर्धी माणसं शोधायला लावली आणि मला साहेबांचा लॅपटॉप दिला. सगळ्या ठिकाणांची सेटिंग्ज त्याच एका लॅपटॉपमध्ये होती, आणि माणूस हरवला तरी मशिनांच्या नोंदी घ्यायच्या थांबत नाहीत. “नोंदी घेता घेता हाका मारत जा,” मॅनेजर म्हणाला. सोबत राखणदार येडगेमामांना दिलं. त्यांचा धनगरवाडा पठाराच्या खालच्या अंगाला, आणि आख्ख्या पठारावर त्यांनी न बघितलेला दगड नव्हता.

तर आम्ही सदतीस नंबरला आलो, हॉर्न वाजवला, धुक्यात तोंड घालून हाका मारल्या. वर पाती घरघरत होती; माझाच आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. मग जीपमध्ये बसून मी नोंदी उतरवायला लागलो. आणि तीन वीसला लॅपटॉप म्हणाला, घरी आलो गं.

मी स्क्रीनवर बघितलं. कोपऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘ठिकाण : घर’. साहेबांचं घर तिथून खाली चोवीस किलोमीटर, पाटणात, एस. टी. स्टँडच्या मागे.

“दमटपणानं बिघडला असेल,” मी म्हणालो.

पाच मिनिटांनी तो परत बोलला. “वारा फार, टोपी सांभाळा.” म्हणजे पुन्हा सदतीस नंबर. तुटलेली नोंद मी पहिल्यापासून उतरवायला घेतली.

मामांनी तंबाखूची चिमूट तोंडात न टाकता तशीच काचेबाहेर टाकली. “वाईच ऐका. वसाड जाग्यात नाव घेऊन हाक आली तर लगीच ओ द्यायची नसती. मेलेल्या मान्साची हाक दोनदाच येती. तिसऱ्यांदा हाक मारायचं बळ त्याच्यात ऱ्हात न्हाई. म्हनून दोन हाका सोडायच्या. तिसरी आली, तर त्यो जिता मानूस समजायचा आन् ओ द्यायची.”

“पण हाक मला कुठे मारलीय? वहिनींना मारलीय.”

“कुनाला का मारंना. ऐकली आपुनच न्हवं?”

मी हसलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हसण्याचं शिक्षण चांगलं मिळतं. पण हसताना मी माझ्या बाजूची काच पूर्ण वर केली, हेही सांगायला हवं.

एक तास मी स्क्रीनकडे बघत बसलो. नोंदी सावकाश उतरत होत्या. बाहेर धुकं इतकं दाट झालं की जीपचं बॉनेटही पुसट दिसायला लागलं. चार वाजून वीस मिनिटांनी, मी मनातल्या मनात नको नको म्हणत असताना, साहेब पुन्हा बोलले.

“घरी आलो गं, शैला.”

तोच स्वर, तोच शब्दांचा चढ-उतार, दमून घरी आलेल्या आनंदी माणसाचा. मामांनी हात जोडले.

“दोन झाल्या,” ते म्हणाले.

मी प्रोग्राम उघडला आणि ‘आपोआप बदल’ याच्यापुढची खूण काढून टाकली. आवाजही बंद केला.

“काय केलं?”

“बंद केलं. दर वेळी नोंद तुटतेय माझी.”

“आरं, थांबा की सायेब. अजून तासभर. तिसरी येतीया का बघू.”

“मामा, नेटवर्कचा घोळ आहे हा. यात कसली तिसरी आणि चौथी?”

मला नोंदींची फिकीर नव्हती. माझी तंतरली होती. साहेब कड्यावरून गेले, असं सकाळपासून सगळे दबक्या आवाजात म्हणत होते, मीही तेच धरून चाललो होतो, आणि मेलेल्या माणसाचा आवाज मला तिसऱ्यांदा ऐकायचा नव्हता. ज्या समजुतीला मी हसलो होतो तिच्यातली भीती तेवढी मी घेतली, आणि बाकीची समजूत मामांकडे ठेवली.

सहा वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. चार सोडून बाकीच्या नोंदी न तुटता पूर्ण झाल्या.

संध्याकाळी खाली उतरून मी साहेबांच्या घरी गेलो. वहिनींना खबर द्यायला रोज कुणीतरी जायचं, त्या दिवशी माझी पाळी होती. खबर काहीच नव्हती. वहिनी दारातच उभ्या होत्या. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे.

“बसा सारंगभाऊजी. चहा टाकते.”

“नको वहिनी.”

“हा त्यांचा लॅपटॉप ना?” माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत त्या म्हणाल्या. “उंबरा ओलांडला की बोलतो तो. चपला काढायच्या आधी. मी आतून म्हणायची, आलात ते कळलं, आता तुम्ही बोला, त्याला गप बसवा. उघडता का जरा? नुसता आवाज ऐकते.”

नाही म्हणवेना. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्यांचं लक्ष नाही असं बघून बंद केलेली खूण परत चालू केली, आवाज वाढवला. वहिनी पदराचं टोक हातात धरून समोर बसल्या. आम्ही थांबलो. साहेबांचंच घर, साहेबांचीच खुर्ची, भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो. लॅपटॉप बराच वेळ शोधत राहिला आणि मग त्यांच्या आवाजात म्हणाला,

“हे कुठं आणलंत मला?”

अनोळखी ठिकाणी गेल्यावर बोलायला म्हणून त्यांनीच गमतीने भरून ठेवलेलं ते वाक्य. कंपनीत आम्ही सगळे त्याला हसायचो. वहिनींनी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. “असं का म्हणतात ते?” त्या म्हणाल्या, आणि मी घाईघाईने झाकण मिटलं.

परत जाताना जीपमध्ये माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. डोंगरावर, जिथे काही नाही, तिथे हा म्हणतो घरी आलो. घरात येऊन म्हणतो हे कुठं आणलंत. कंट्रोल रूमला पोचल्यावर मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आता त्यांचं घर तिकडं झालं असंल.” मी ती खूण पुन्हा काढून टाकली.

गुरुवारी तीस माणसं, दोरखंड आणि पोलीस आले. कुठली बाजू बघायची, हा प्रश्न निघाला. सदतीसकडची सोडा, मी म्हणालो, तिकडे काल दुपारभर मी स्वतः होतो. मी असं म्हणालो, आणि त्यांनी ती बाजू सोडली. सगळी माणसं पश्चिमेच्या कड्याला लागली. मी मात्र उरलेल्या चार नोंदींसाठी सकाळी पुन्हा सदतीसला जाऊन आलो. एकटाच गेलो होतो. काचा वर करून बसलो, आवाज बंद ठेवला आणि बाराच्या आत निघालो.

शुक्रवारी सबस्टेशनच्या कामासाठी सगळी मशिनं बंद ठेवली होती. पहिल्यांदाच पठारावर शांतता होती. दुपारी दोनच्या सुमाराला येडगेमामा चिखलाने माखून कंट्रोल रूममध्ये आले.

“सायब घावलं,” ते म्हणाले. “जितं हायेत.”

सदतीस नंबरच्या मागे साठ पावलांवर कातळात एक अरुंद घळ होती, वरून कारवीच्या झुडपांनी झाकलेली. साहेब केबल बघत तिच्यात पाय घसरून पडले होते. उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला होता. पावसाचं पाणी पिऊन त्यांनी तीन दिवस काढले. पाती बंद होती म्हणून मामांना दगडावर दगड आपटल्याचा बारीक आवाज ऐकू आला.

“तुम्ही तिकडे कसे गेलात मामा?” मॅनेजरने विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. “दोन ऐकल्या हुत्या. तिसरी ऐकायची ऱ्हायली हुती,” ते म्हणाले. मॅनेजरला त्यातलं काही कळलं नाही, आणि धावपळीत त्याने पुन्हा विचारलं नाही.

कराडच्या दवाखान्यात साहेबांचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. विष चढलं होतं. डॉक्टर वहिनींना म्हणाले, बुधवारी संध्याकाळपर्यंत आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. मी तिथेच उभा होतो.

रविवारी साहेब नीट शुद्धीवर आले. वहिनी उशाशी, मामा दाराशी, मी पायाशी. म्हणजे जिथे एक पाय होता त्या बाजूला. मला बघून ते हसले.

“काय पुणेकर. लॅपटॉप तुझ्याकडेच दिला होता ना?”

“हो साहेब.”

“वाटलंच मला. बुधवारी दुपारी तुमचा हॉर्न ऐकला मी. ओरडलो, पण वर ती पाती. दगड आपटला, तोही कुणाला ऐकू जाईना. मग डोकं चाललं. फोनला रेंज नाही, पण हॉटस्पॉट लावायला रेंज कुठे लागते? घरी आमच्याकडे इंटरनेटचा वेगळा डबा नाही, सगळं माझ्या फोनवरच चालतं. हॉटस्पॉट मी घरीच लावतो, म्हणून त्या प्रोग्रामला घर म्हणजे माझा फोन. फोन जवळ आला, की घर आलं. म्हटलं, सारंग गाडीत बसलाय, लॅपटॉप त्याच्यापुढे आहे, हॉटस्पॉट लावला की माझ्याच आवाजात हाक जाईल.”

मी पलंगाची दांडी धरली.

“बॅटरी थोडीच होती. दर तासाला पाच मिनिटं लावायचो आणि परत फोन बंद. तीन वीस, चार वीस, पाच वीस. गुरुवारी सकाळी गाडी परत आली, तेव्हा दहा वीस, अकरा वीस. मग फोन संपला.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “बोलला नाही का रे तो?”

खोलीत वहिनी होत्या, मामा होते. मला वाटतं, मी खरं बोलायलाच तोंड उघडलं होतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो.

“एकदाही नाही?”

“नाही.”

“बिघडलाच होता तो,” वहिनी म्हणाल्या. “आपल्या घरी आणला, तर हे कुठं आणलंत म्हणाला.”

“ते बरोबरच बोलला. फोन घरी नव्हता ना.” साहेब छताकडे बघत राहिले. “पण वर का नाही बोलला? कुठे चुकलं माझं?”

बाहेर व्हरांड्यात मामा माझ्याशेजारी येऊन थांबले. मला वाटलं आता ते बोलणार, ओरडणार. पण त्यांचा आवाज खालीच होता.

“मी सांगायचो न्हाई. तुमचं तुमी सांगायचं.” थोडं थांबून ते म्हणाले, “मला वाटलं हुतं, सायब मेलं. अडानी मानूस मी. तुमास्नी काय वाटलं हुतं?”

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये मी एकटाच बसून प्रोग्रामची नोंदवही उघडली. बदल बंद असला तरी काय काय दिसलं ते तो लिहून ठेवायचा. बुधवार, पंधरा वीस, घर. सोळा वीस, घर. सतरा वीस, घर दिसले, बदल बंद आहे. गुरुवार, दहा वीस, घर दिसले, बदल बंद आहे. अकरा वीस, घर दिसले, बदल बंद आहे. तिसरी हाक आली होती, चौथी आली होती, पाचवीसुद्धा आली होती. मी तेव्हा काचा वर करून आत बसलो होतो. मी ती नोंदवही पुसली, खूण परत चालू केली आणि लॅपटॉप साहेबांना नेऊन दिला.

मामा पुढे चार वर्षांनी गेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी दुसरी नोकरी धरली. साहेब कंट्रोल रूममधल्या खुर्चीवरच्या कामाला लागले, कृत्रिम पायाने चालायला शिकले, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मला फोन करत राहिले. प्रत्येक फोनमध्ये एकदा तो प्रोग्राम निघायचा. चूक सापडत नाही रे, म्हणायचे. शंभरदा वाचला. फोन कापडात गुंडाळून बघितला, पावसात भिजवून बघितला, दर वेळी बोलतो. मग त्याच दिवशी का नाही बोलला? मी म्हणायचो, सोडा साहेब आता. ते म्हणायचे, कसा सोडू, माझा पाय गेलाय त्यात.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला तो आनंदातच.

“सापडली!”

“काय?”

“चूक. नवं ठिकाण दिसलं की लगेच उडी मारू नये म्हणून मी थोडं थांबायला लावलं होतं त्याला, अर्धं-एक मिनिट. आता लक्षात आलं, धुक्यात सिग्नल कमी-जास्त होत असेल तर ते मोजणं दर वेळी पहिल्यापासून सुरू होणार. पाच मिनिटांत पुरं कधी होणारच नाही. म्हणून नाही बोलला. काल दुरुस्त केलं. तुला पाठवतो, टाकून ठेव, तूही डोंगरात फिरतोस.”

त्यात असली काही चूक नव्हती. तो पहिल्याच मिनिटाला बोलला होता, दोन्ही वेळा, मोठ्याने.

“बरं झालं सापडली,” मी म्हणालो.

“बारा वर्षं लागली बघ. शैला मधेमधे म्हणायची, प्रोग्राम ठीकच असेल, त्या पोराचंच काहीतरी चुकलं असेल. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का? सारंग गाडीत होता. माझा आवाज कानावर पडल्यावर तो बसून राहिला असता का?”

पलीकडे ते थांबले. त्यांना उत्तर हवं होतं.

“नसतो राहिलो, साहेब,” मी म्हणालो.